विद्यानगरी आणि पायगाडी

सांताक्रूझच्या पूर्वेस, कोळे-कल्याण या जुन्या गांवाच्या हद्दींत, मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी वसलेली आहे. हा साष्टीचा मुलूख १७३९ त मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं बळकावला, हें वाचकांस ठाऊकच आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र इतका पुरातन नाहीं. आम्ही ग्रंथालयाच्या निमित्तानें या आवारांत वारंवार जातों; तेथें सायकली मोजक्याच दिसतात. असें कां व्हावें, आणि सायकलीच्या इतिहासाचीं साधनें तरी कोणतीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ त निघाली, आणि त्याच वर्षीं १८ जुलै रोजीं विद्यापीठ स्थापन झालें. त्या कोशांत सायकल सांपडण्याचा संभवच नाहीं. पायडल मारून चालणारी दुचाकी पॅरिसांत १८६० नंतरच्या दशकांत निघाली. स्टार्लीची सांखळीची ‘रोव्हर’ १८८५ ची, आणि डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. म्हणजे विद्यापीठ सायकलीहून वडील. मागाहून मराठींत ‘पायगाडी’ व ‘दुचाकी’ हे शब्द आले आणि संस्कृतज्ञांनीं ‘द्विचक्रिका’ घडविली. आम्हीही संस्कृताचेच विद्यार्थी. पण वाकोल्याच्या दुरुस्तीवाल्यास द्विचक्रिकेचें पंक्चर काढावयास सांगण्याचें धैर्य आम्हांस अद्यापि झालेलें नाहीं.

आतां कारणाकडे वळूं. हें विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर, केवळ परीक्षा घेण्यासाठीं निर्माण झालें. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. फोर्टांतील आवार लहान, त्यामुळें तेथें वाहनाची गरजच नव्हती. १९१९ त पॅट्रिक गेडिस यांच्या नेमणुकीनें समाजशास्त्राचें अध्यापन सुरू झालें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बहुतेक विभाग कलिन्यास आले. जागा २०० एकरांहून अधिक असल्यानें अंतर उत्पन्न झालें, तरी सायकल आली नाहीं. कारण विद्यार्थी येतो तो विरारहून, कल्याणहून, लोकलच्या गर्दींतून. त्या गर्दींत माणसास उभें राहावयास ठाव मिळत नाहीं, तेथें सायकलीस कोठून मिळावा? स्थानकाबाहेर पडल्यावर पश्चिम द्रुतगति महामार्ग ओलांडावयाचा असतो, म्हणून तो बस वा रिक्षा धरतो, आणि फाटकाच्या आंत पायींच चालतो. विद्यानगरींतहि वसतिगृहें आहेत. पण तेथें राहणारांहून बाहेरून येणारेच फार.

याच उपनगरांत पवई येथें १९५८ त भारतीय तंत्रज्ञान संस्था निघाली. तेथील विद्यार्थी आवारांतच राहतो, म्हणून तेथें वसतिगृहांपुढें सायकलींची दाटी असते. पुण्यास १९४९ त स्थापन झालेलें विद्यापीठ गणेशखिंडींत ४११ एकरांवर आहे. तेथें तर शहरच एके काळीं सायकलींचें म्हणून गाजलेलें. तेव्हां आमच्या मतें प्रश्न आवाराच्या विस्ताराचा नसून राहण्याच्या ठिकाणाचा आहे.

साधनांची स्थिति शोचनीय आहे. पूर्वीं सायकलीवर कर असे व तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळे. त्यावर वर्ष व क्रमांक ठोकलेला असे. रात्रीं दिवा नसल्यास दंड होई, त्याची पावती मिळे. भाड्याच्या सायकलींच्या दुकानांत तासांची वही असे. ताम्रपटाचा मान या वस्तूंस कोणी देणार नाहीं. पण कालनिर्णयास याहून निःसंदिग्ध साधन तें कोणतें? येथें स्वतःचा अपराध सांगणें भाग आहे. वडिलांच्या सायकलीचे असे बिल्ले आमच्या माळ्यावर एका डब्यांत होते. पोथ्या नीट लावण्याच्या भरांत तो डबा आम्हींच रद्दीवाल्यास दिला. ज्या पोथ्यांसाठीं जागा केली त्यांतील बहुतेक छापील ग्रंथांच्या नकला निघाल्या.

पुढील काळाचें तर एवढेंहि उरणार नाहीं. डिसेंबर २०१७ त पुण्यास सार्वजनिक सायकलींची योजना विद्यापीठाच्या आवारांतूनच सुरू झाली. कुलूप उघडावयाचें तें भ्रमणध्वनीनें. पावती नाहीं, बिल्ला नाहीं. ती योजना फार वर्षें चालली नाहीं, आणि ज्यांनीं त्या सायकली चालविल्या त्यांच्या हातीं कागदाचा कपटाहि राहिला नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं सायकलीचे बिल्ले, दंडाच्या पावत्या अथवा भाड्याच्या वह्या असतील, त्यांनीं त्यांवरील नगरपालिकेचें नांव, वर्ष व क्रमांक उतरून मंडळाकडे कळवावे. गंजलेला बिल्ला घासून चकचकीत करूं नये. अंक पुसले जातात.