टर्बोची शिट्टी

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली टर्बोचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, एवढीच युक्ती! १९९८ साली पिंपरीच्या टेल्कोतून सफारी आली, तिच्या डिझेल इंजिनाला टर्बो होता. अशी गाडी ओढेना, काळा धूर सोडू लागली, तर जुने मिस्त्री आधी कान लावत. फुस्स आवाज आला की रबरी पाइप फाटल्याची शंका. निळा धूर दिसला तर तेल जळतेय, मग टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहायचा. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, तोवर स्कॅनर आला होता. तो 'दाब कमी' सांगून मोकळा होतो. का कमी, ते शोधायचे माणसानेच. काही जण मात्र लगेच हजारो रुपयांचा टर्बो बदलायला सांगतात. अहो, आधी तो पाइप तरी चाचपा!