काडतुसांचा एकसारखेपणा

एकाच प्रकारच्या काडतुसांतून सुटणाऱ्या गोळ्यांचा वेग आणि मार्ग शक्य तितका समान राखणे. लक्ष्यवेधी नेमबाजीत गोळ्यांचे ठसे किती जवळजवळ पडतात, हे रायफल आणि नेमबाजाच्या कौशल्याबरोबरच यावरही अवलंबून असते.

घटक व मोजमाप : पितळी पुंगळी, बुडातील टोपी, धूरविरहित दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार भाग. दारूचे वजन, पुंगळीच्या पोटातील जागा, तिच्या तोंडाची गोळीवरील पकड आणि गोळी बसवण्याची खोली यांपैकी काहीही बदलले की दाब बदलतो व त्याबरोबर वेगही. म्हणून काही गोळ्या झाडून वेगमापकावर सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेगातील अंतर आणि प्रमाण विचलन पाहतात. .२२ रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२० मी. असतो. तो १० मी.ने घटला, तर ५० मी. अंतरावर गोळी केवळ गुरुत्वाकर्षणामुळे ७ ते ८ मिमी. खाली लागते. तिथल्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिमी. आहे.

हातभरणी : अमेरिकेसारख्या देशांत अनेक नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. एकाच लॉटच्या (उत्पादनाच्या एकाच खेपेच्या) पुंगळ्या वजनानुसार निवडणे, साच्यात दाबून त्यांना मूळ आकार देणे, लांबी छाटून सारखी करणे आणि दारू ग्रेनमध्ये (१ ग्रेन = ०.०६४८ ग्रॅम) तोलणे, असा हा क्रम. वारंवार ताणल्या-दाबल्याने पितळ कडक होते व पकड विषम होते. त्यावर उपाय म्हणून पुंगळीचे तोंड तापवून मऊ करतात. एका वेळी एकच घटक बदलणे आणि प्रसिद्ध कोष्टकांतील मर्यादा न ओलांडणे, हे यातील मूलभूत नियम.

भारतातील स्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे हातभरणीचा छंद इथे रुजला नाही. एकसारखेपणा राखण्याचे काम कारखान्यांचेच राहिले.

महाराष्ट्रातील उत्पादन : अंबरनाथच्या आयुध निर्माणीत ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्ताच्या पितळेच्या वाट्या तयार होतात. अशा वाट्या टप्प्याटप्प्याने ओढून व मधूनमधून तापवून पुंगळ्या घडवल्या जातात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावची निर्माणी १९६४ ची. आयुध निर्माण्यांच्या २०२१ च्या पुनर्रचनेत या दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आणि अंबरनाथची निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली.

लॉट-चाचणी : तेजस्विनी सावंत (विश्वविजेतेपद, म्युनिक, २०१०) आणि स्वप्नील कुसाळे (ऑलिंपिक कांस्यपदक, पॅरिस, २०२४) या कोल्हापूरच्या नेमबाजांचा ५० मी. रायफल हा प्रकार .२२ काडतुसांचा आहे. या काडतुसाचे स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते, त्यामुळे घरी त्याची पुनर्भरणी व्यवहार्य नाही. म्हणून रायफल शिकंज्यात आवळून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडतात आणि त्या नळीला मानवणारा लॉट साठवून ठेवतात. जर्मनीतील शोनेबेक येथे लापुआ कंपनीचे असे चाचणी केंद्र आहे. एका रायफलीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. त्यामुळे नळी बदलली की चाचणी पुन्हा करावी लागते.