नेटवर्क-निरीक्षण उपकरणाला बाह्य साठवण संचाची जोड

अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या संगणक यंत्रणेत मे २०१७ मध्ये घुसखोरी सुरू झाली. ती उघडकीस आली जुलैच्या अखेरीस. मधल्या सुमारे अडीच महिन्यांत १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीस गेली. कूटबद्ध वाहतूक तपासणाऱ्या उपकरणाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती; नवे प्रमाणपत्र बसवताच संशयास्पद वाहतूक नजरेस आली. अशा प्रसंगी तपास करणाऱ्यांपुढील पहिला प्रश्न असतो तो किती दिवसांमागच्या नोंदी हाती आहेत, हा. त्याचे उत्तर निरीक्षण उपकरणाला जोडलेल्या साठवण संचावर अवलंबून असते.

उपकरणाचे कार्य

नेटवर्क-निरीक्षण उपकरण स्विचच्या प्रतिबिंब पोर्टवरून किंवा टॅपवरून वाहतुकीची प्रत घेते, प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का मारते आणि ते डिस्कवर लिहून ठेवते. साठा भरला की सर्वांत जुनी पॅकेट पुसून त्या जागी नवी लिहिली जातात. उपकरणातील अंगभूत डिस्क थोड्या असल्यामुळे मोठ्या संस्थेत हा साठा काही तासांतच भरतो. म्हणून अनेक डिस्क एकत्र बसवलेला बाह्य साठवण संच जोडावा लागतो.

साठ्याचे गणित

एक गिगाबिटची वाहिनी एका दिशेने पूर्ण भरून वाहिली, तर सेकंदाला १२५ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला १०.८ टेराबाइट माहिती जमते. दहा गिगाबिटची वाहिनी सरासरी वीस टक्के भरलेली असली, तरी हा आकडा २१.६ टेराबाइटवर जातो. प्रत्येकी ८ टेराबाइटच्या १२ डिस्क असलेला संच रेड-६ पद्धतीने मांडल्यास दोन डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी खर्च होते आणि ८० टेराबाइट उरतात. ही जागा चार दिवसही पुरत नाही. अडीच महिन्यांच्या पूर्ण नोंदीसाठी १,६०० टेराबाइटहून अधिक जागा लागेल.

यावर एक मार्ग २००५ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील व जर्मनीतील संशोधकांनी 'टाइम मशीन' या प्रणालीतून दाखवला. नेटवर्कवरील बहुतेक संवाद लहान असतात. बहुतांश आकारमान मोजक्या मोठ्या संवादांचे असते. म्हणून प्रत्येक संवादाचा केवळ आरंभीचा भाग ठेवला, तर त्याच डिस्कवर कितीतरी अधिक दिवस मावतात. पूर्ण पॅकेट थोडे दिवस आणि कोणी, कोणाशी, केव्हा, किती संवाद साधला याच्या संक्षिप्त नोंदी अनेक महिने, अशी विभागणीही करता येते. संच खरेदी करण्यापूर्वीच हा निर्णय व्हावा.

जोडणीचे तीन मार्ग

सॅस ही थेट जोडणी होय. संच उपकरणाजवळच असतो आणि काही मीटरच्या केबलने जोडला जातो. चार पदरी केबलच्या प्रत्येक पदराचा वेग १२ गिगाबिट किंवा त्याहून अधिक असू शकतो. फायबर चॅनेलमध्ये स्वतंत्र कार्ड, प्रकाशतंतू व स्विच लागतात. संच दूर ठेवता येतो, मात्र खर्च वाढतो. आयस्कझी ही पद्धत सर्वसाधारण इथरनेटवरून चालते. ती स्वस्त असली, तरी तिच्यात एक धोका संभवतो. साठवणुकीची वाहतूक निरीक्षणाखालील मार्गावरूनच गेली, तर उपकरण स्वतः लिहिलेली पॅकेटही पुन्हा टिपू लागते आणि साठा वेगाने भरतो. त्यामुळे आयस्कझीसाठी स्वतंत्र स्विच किंवा निदान स्वतंत्र व्हीलॅन राखणे आवश्यक ठरते.

जोडणीचा क्रम

प्रथम संच, कार्ड व फर्मवेअर यांना उपकरणाच्या उत्पादकाची मान्यता आहे याची खात्री करून घ्यावी. दोन्ही यंत्रे बंद असताना केबल जोडाव्यात. नंतर आधी संच सुरू करावा, सर्व डिस्क सज्ज झाल्यावर उपकरण सुरू करावे. बंद करताना हाच क्रम उलटा ठेवावा; संच आधी बंद झाल्यास फाइल प्रणाली बिघडू शकते.

संचावर रेड गट तयार करून त्यातील आभासी डिस्क, म्हणजेच लन, केवळ त्या एकाच उपकरणाला दिसेल अशी व्यवस्था करावी. दोन यंत्रे एकाच वेळी एकाच साध्या फाइल प्रणालीवर लिहू लागल्यास नोंदी नष्ट होतात. दोन केबल वापरल्या असतील, तर मल्टिपाथ सुविधा सुरू असावी. अन्यथा एकच डिस्क दोन वेगळ्या डिस्क म्हणून दिसते. फॉरमॅटचा आदेश देण्यापूर्वी डिस्कची ओळख पुन्हा ताडून पाहावी, कारण त्या आदेशाने जुना पुरावाही पुसला जातो.

चाचणी

डिस्क दिसू लागली म्हणजे काम संपले असे नव्हे. संचाचा लिहिण्याचा वेग वाहतुकीच्या वेगाहून कमी पडला, तर पॅकेट गळतात. म्हणून गर्दीच्या वेळी गळालेल्या पॅकेटची संख्या पाहावी. जुन्या नोंदींमध्ये शोध सुरू असताना आणि एक डिस्क काढून रेडची पुनर्बांधणी चालू असतानाही हीच तपासणी करावी. या दोन्ही वेळी लिहिण्याचा वेग घटतो.

कायदा आणि पुरावा

भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे आणि ठरावीक सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. प्रत्येक पॅकेट तितके दिवस ठेवावे, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जुळवलेली असावीत, असेही त्यात नमूद आहे. घड्याळ चुकलेले असेल, तर पॅकेटवरील वेळेचा शिक्का इतर नोंदींशी जुळत नाही.

घटना लक्षात येताच त्या काळातील पॅकेट पुसली जाणार नाहीत अशी तजवीज प्रथम करावी, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि तिचे हॅश मूल्य नोंदवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रात हे मूल्य द्यावे लागते. पॅकेटमध्ये पासवर्ड व खासगी पत्रव्यवहारही असू शकतो. त्यामुळे संच कूटबद्ध असावा आणि तो मोजक्या अधिकाऱ्यांनाच पाहता यावा. साठा सतत स्वतःला पुसत असल्याने या कामात झालेला काही तासांचा विलंबही तपासाचा धागा तोडू शकतो.