गोंदण आणि सेवाप्रवेश

गोंदण आणि सेवाप्रवेश : अंगावरील दृश्य गोंदण (टॅटू) नोकरीच्या पात्रतेत गणावे की नाही, यासंबंधीचे दंडक व त्यांमागील लोकदृष्टी. भारतात खासगी पेढ्यांचा व्यवहार या बाबतीत बहुधा अलिखित शिरस्त्यावर चालतो. प्रश्न उघड्यावर येतो तो गणवेशधारी दलांच्या भरतीत, कारण तेथे उमेदवाराची त्वचाही दफ्तरी नोंदीचा विषय होते.

हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन, मनगटाच्या वर आपले नाव किंवा एखादे दैवत गोंदवून घेण्याची चाल महाराष्ट्रात इतकी रुळलेली होती की, जत्रेत गोंदणाऱ्यापुढे हात करणाऱ्या पोराला, पुढे कधी वैद्यकीय मंडळासमोर तोच हात उताणा करून दाखवावा लागेल, ही कल्पनाही शिवत नसे. याच्या अगदी उलट, कंपनी सरकारच्या बंगालमधील फौजदारी कारभारात कैद्याच्या कपाळावर त्याच्या अपराधाचा मजकूर गोंदण्याची शिक्षा होती व ती १८४९ साली रद्द झाली. सरकारी मनाच्या अप्रीतीचे एक मूळ येथे शोधता येईल. मात्र या तर्कावर फार भार देणे इष्ट नाही.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीसाठी गृहमंत्रालयाने घालून दिलेले निकष मोठे सूक्ष्म आहेत. देश धर्मनिरपेक्ष असल्याने लोकांच्या धर्मभावनांचा मान राखावा, या कारणास्तव नाव अथवा धार्मिक आकृती यांस मुभा आहे. परंतु ते गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूस, तेही फक्त डाव्या हातावर, किंवा पंजाच्या पाठीवर असावे, आणि त्या अवयवाचा पाव हिस्सा त्याने व्यापू नये. डावाच हात का, तर उजवा सलामीचा. अर्थात, नियमाचा रोख शाईवर नाही, गणवेशाच्या शिस्तीत जो अवयव लोकांसमोर येतो त्यावर आहे. चित्रातील देवाला हरकत नाही, पण देवाने हात चुकवू नये, असा काहीसा हा न्याय म्हणावा लागेल. सैन्यातही कोपराखालील आतील बाजू व पंजाची पाठ यांपुरतीच सर्वसाधारण मुभा असून, आदिवासी जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे अन्यत्रच्या गोंदणासही सवलत मिळते.

या काटेकोरपणामुळे तंटे न्यायालयात गेले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने हातावरील धार्मिक चिन्हापायी अपात्र ठरविलेल्या एका उमेदवाराच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने कौल दिला. उलटपक्षी हवाई दलाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नियुक्ती रद्द करणाऱ्या दलाचाच पक्ष उचलून धरला.

अन्यत्रही एकवाक्यता नाही. ओसाका नगरपालिकेने २०१२ साली आपल्या नोकरांकडून अंगावरील गोंदणाची लेखी माहिती मागविली व ती देण्यास नाकारणाऱ्यांना शिक्षा केली; जपानात गोंदण म्हटले की गुन्हेगारी टोळ्या डोळ्यांपुढे येतात, हे त्यामागचे कारण. एअर न्यूझीलंडने मात्र १ सप्टेंबर २०१९ पासून माओरी गोंदणासह सर्व अनाक्षेपार्ह गोंदण उघडे ठेवण्यास कर्मचाऱ्यांना परवानगी दिली. तेथे माओरींचे मुखगोंदण म्हणजे कुळाची ओळख, आणि ती झाकावयास सांगणे हाच आक्षेपाचा विषय झाला होता.