सरकारी चाकरी आणि मनातले मत

इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीतला कारकून घ्या की सरकारी शाळेतला मास्तर घ्या, राज्यकर्त्यांविषयीचे आपले मत ओठांबाहेर काढण्यापूर्वी तो आधी दाराकडे पाही. पगार ठरलेल्या तारखेला येई, पुढे पेन्शनची आशा असे, गावात चार माणसे रामराम घालीत. हे सारे एका शब्दापायी धोक्यात कोण घालील? अशा माणसाला तुरुंगात धाडण्याची गरज नसे. बदलीचा कागद पुरे होई.

या धास्तीची एक गोष्ट आपल्याला चांगली तपशीलवार ठाऊक आहे. ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची. 1871 साली ते पुण्यास न्यायखात्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली होती. सभेचा कारभार काका पाहत आणि विचार पुष्कळसा रानड्यांचा असे. 1876-77 च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. 1878 मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. शेतसारा, कर्जबाजारी कुणबी, बुडालेले उद्योग यांवरचे त्यातले कितीतरी लेख रानड्यांचे आहेत. पण खाली त्यांची सही नाही. दिवसा सरकारचा न्यायाधीश आणि रात्री सरकारच्या धोरणाची झडती घेणारा लेखक! सही कशी करणार?

आणि लेखाची धाटणी पाहा. कुठे चढा सूर नाही. आकडे आहेत, जुने कायदे आहेत, दुसऱ्या देशांचे दाखले आहेत. कोणी म्हणतील, हा त्यांचा स्वभावच होता. होताच. पण चाकरीनेही ती लेखणी थोडी घडवली असावी, असे मला वाटते. उघड बोलता येत नाही म्हणून माणूस पुरावा गोळा करायला शिकतो, हा त्यातला लाभ म्हणा हवा तर. तोटा असा की, ज्या शेतकऱ्यासाठी हे लिहिले त्याच्यापर्यंत ते पोचले नाही.

इतकी सावधगिरी राखूनही सुटका झाली नाही. 1878 मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उठले. फडके हे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून होते आणि रानड्यांची व्यापारावरची व्याख्याने त्यांनी ऐकलेली होती. तेवढे संशयाला पुष्कळ झाले! 1879 च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या आणि रानड्यांना धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांचे टपाल फोडले जाऊ लागले. बंडवाल्यांच्या नावाची पत्रे येऊ लागली; ती त्यांना अडकवण्यासाठीच असावीत. रानडे ती पत्रे पाकिटासकट पोलिसांकडे पाठवून देत. पुढे संशय फिटला आणि 1893 मध्ये ते मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले. मात्र 1885 साली मुंबईस काँग्रेसची पहिली बैठक भरली, तेव्हा सरकारी नोकर म्हणून त्यांना सल्लागाराच्या नात्यानेच बसावे लागले.

दुसरा मार्ग विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. हे सरकारी शाळेत शिक्षक होते. 1874 पासून त्यांची निबंधमाला निघू लागली आणि पुण्याहून त्यांची बदली रत्नागिरीस झाली. अखेर त्यांनी नोकरीच सोडली आणि 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. मालेतला अगदी शेवटचा निबंध ‘आमच्या देशाची स्थिति’ हा. सरकारचे मीठ तुटल्यानंतरच तो लिहिला गेला, हे ध्यानात घ्या. 1910 साली, शास्त्रीबोवा जाऊन अठ्ठावीस वर्षे झाल्यावर, सरकारने तो जप्त केला. बंदी उठली ती 1937 मध्ये. शिक्षक मंडळींनी हा निबंध मिळवून जरूर वाचावा, आणि लेखक चाकरीत असता तर यातले कोणते वाक्य राहिले असते, ते पेन्सिलीने खूण करून पाहावे.

पण राजीनामा देणे सर्वांना कोठून परवडणार? पाठीशी चार एकर जमीन नाही, घरात खाणारी आठ तोंडे, असा मास्तर मान खाली घालून हजेरी घेत राहिला. त्याला भित्रा म्हणून मोकळे होणे मला तरी जमत नाही.

धुळ्याच्या त्या फोडलेल्या टपालाची हकिगत आपल्याला कळते ती रमाबाई रानड्यांमुळे. पती गेल्यावर नऊ वर्षांनी, 1910 मध्ये, त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. साध्या कारकुनाच्या घरी असे लिहिणारे कोण होते? दप्तरात शोधले तर त्याच्या बदलीचा हुकूम मिळेल, तारीख मिळेल. त्यानंतर तो पारावर बसून कशाकशाविषयी बोलेनासा झाला, ते त्या दप्तरात नाही.