मिठाच्या वाटेवरचं काटेरी कुंपण

साल 1876, महिना माघ. चंबळ ओलांडून तुम्ही इटाव्याच्या मुलखात शिरताय. धोतराच्या सोग्यात मूठभर सांभरी मीठ बांधलंय. घळी संपतात, पायवाट मातीच्या बांधावर चढते आणि तिथेच अडते. समोर दोन पुरुष उंच हिरवं कुंपण. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, त्याला टोक दिसत नाही.

जवळ जा. दर्शनी बाजूला बोरी आहेत, बोरं पिकून लाल झालीत. एखादं तोडायला हात घाला म्हणजे बोरीची तऱ्हा कळेल. पानाच्या बुडाशी दोन काटे, एक सरळ, एक मागे वळलेला. सरळ टोचला म्हणून हात मागे घ्यावा, तर वाकडा बाही सोडत नाही. बोरीमागे बाभूळ, तिचे लांब पांढरे काटे. खाली करवंदीच्या जाळ्या, फटींमध्ये फड्या निवडुंग. आणि या सगळ्यांवर चढलेला वेल तर तुमच्या चांगल्या ओळखीचा, सागरगोट्याचा. काटेरी शेंग उकललीय, आत राखाडी, गुळगुळीत गोटे. आपल्याकडे मुली माजघरात ते झेलत बसतात. इथे त्याच वेलाने झाडं एकमेकांत गुंफून टाकलीत, माणूस आरपार जाऊ नये म्हणून.

गुरांपासून शेत राखायला आपण लावतो तीच ही झाडं. सरकारने ती माणसांपासून मीठ राखायला लावलीत, आणि मला हे फार लागतं.

लोक हिला ‘परमट लाइन’ म्हणतात. सिंधूपासून महानदीच्या मुलखापर्यंत ही जकातीची सरहद्द गेलीय, वाटेत खानदेशाच्या दारात, बुऱ्हाणपूरपर्यंत उतरून. तुम्ही आलात त्या संस्थानी मुलखात मीठ स्वस्त. पलीकडे मणाला तीन रुपये कर. आधी इथे नुसत्या वाळक्या काट्यांचं कुंपण होतं. एका मैलाला अडीचशे टन झुडपं लागत, आणि वाळवी, वणवा, वादळ मिळून दरवर्षी त्यातलं निम्मं संपवत. तेव्हा जकात आयुक्त अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने 1867नंतर जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. जमीन नापीक असेल तिथे चर खणून चांगली माती भरली, पाण्यासाठी विहिरी काढल्या, पूर येतो तिथे बांध घातले. पुढे 1885 साली मुंबईत राष्ट्रीय सभा भरवण्यात पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच. बागाईतदार म्हणून त्याची मेहनत मोठी होती. ती या कामी लागली याचं वाईट वाटतं.

आता चौकीकडे चला, दुसरी वाट नाही. जमादार सोगा सोडायला लावतो. मागे एक बाई डोक्यावरचं गाठोडं उतरवून उभी आहे. शिपाई त्यातला कपडा न् कपडा झटकतो. अशी बारा हजारांच्या आसपास माणसं या लाइनीवर नेमलीत. तरी रात्री कोणी कुंपणावरून पोती पलीकडे फेकतं, कोणी लादलेले उंट फटीतून हाकतं. सापडला तर तुरुंग. आणि हे सगळं कशापायी? भाकरीबरोबर चिमूटभर मीठ हवं म्हणून.

तीन वर्षं पुढे या. 1 एप्रिल 1879. शिपाई उठलेत, फाटकं उघडी आहेत. सरकारला पाझर फुटला असं समजू नका. सांभर सरोवर 1870 सालीच इंग्रजांनी भाडेपट्ट्याने घेतलं, राजपुतान्यातल्या बाकीच्या मिठागरांचेही करार केले. मीठ निघतं तिथेच कर वसूल होऊ लागल्यावर कुंपण पोसायचं कशाला? हळूहळू शेतकऱ्यांनी झाडं तोडली, बांधावरून रस्ते गेले. रॉय मॉक्सम या इंग्रज लेखकाला 1998 साली याच इटावा जिल्ह्यात, चकरनगरजवळ, त्याचा एक तुकडा सापडला. एवढं अजस्र कुंपण आपल्या शाळेच्या इतिहासात एका ओळीपुरतंही नव्हतं. ते असायला हवं.

कुंपण गेलं, कर राहिला. त्याच कराविरुद्धच्या सत्याग्रहात 1930 साली कोकणातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. तो उठला 1947 साली.