रनिंगच्या इंजिनावर नको तिथली दया

इंजिन बोअर करून, नवे पिस्टन आणि रिंगा टाकून गाडी गॅरेजबाहेर निघाली की मेस्त्रींचा सल्ला ठरलेला असतो: हजार-दीड हजार किलोमीटर गाडी रनिंगला आहे, चाळीस-पन्नासच्या वर नेऊ नका, पाय हलका ठेवा. फोर्ज्ड पिस्टन आणि मोठा टर्बो बसवलेल्या परफॉर्मन्स इंजिनाचे मालक तर हा सल्ला अधिकच निष्ठेने पाळतात, कारण त्यांचे पैसे जास्त गुंतलेले असतात. माझ्या मते एवढ्या खर्चाने बांधलेलं इंजिन खराब करण्याचा हा अगदी खात्रीचा मार्ग आहे.

या समजुतीला एके काळी आधार होता. 1950-60च्या दशकांत इंग्लंडमध्ये नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी पाटी लावून लोक सावकाश जात. आपल्याकडे ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळात तेच वळण पडलं. तेव्हाचं मशीनिंग आजच्याइतकं नेमकं नव्हतं आणि ऑइलही साधं होतं. नवं इंजिन ताणलं तर पिस्टन तापून जाम होण्याची भीती खरी होती. त्या परिस्थितीत ती सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल. परिस्थिती बदलली, सल्ला मात्र तसाच राहिला.

रिंग स्वतःच्या ताणाने सिलिंडरला चिकटून राहते, असा बहुतेकांचा समज असतो. तो ताण थोडाच असतो. खरा जोर जळलेल्या वायूचा. तो पिस्टनच्या खाचेतून रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. पूर्ण लोडवर हा दाब 60-70 बारपर्यंत जातो, टर्बो इंजिनात शंभरच्याही पुढे. हलक्या पायाने चालवताना त्याचा लहानसा अंशच मिळतो.

हा दाब कशाला हवा, हे नुकत्याच होन केलेल्या सिलिंडरमध्ये टॉर्च मारून पाहिलं की कळतं. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या, बारीक रेघांची जाळी असते. रेघांच्या कडा टोकदार, आणि त्यांच्या खाचांत ऑइल धरून ठेवलेलं. रिंग त्या कडा घासून बोथट करते, स्वतःही किंचित झिजते, आणि दोघींचं माप एकमेकींना जुळतं. यातलं बहुतेक काम पहिल्या काही तासांतच होतं. त्या तासांत दाब मिळाला नाही तर रिंग ऑइलच्या थरावर नुसती तरंगत राहते. तप्त वायू तिच्या कडेने खाली निसटतो, भिंतीवरचं ऑइल जाळतो आणि त्याचा टणक लेप खाचांमध्ये बसतो. यालाच ग्लेझ म्हणतात. मग गाडी ऑइल खाऊ लागते, निळसर धूर सोडते, आणि दोष दिला जातो रिंगांच्या ब्रँडला.

विमानाच्या इंजिनाचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. लायकमिंगसारखी कंपनी, जिच्या इंजिनावर हवेतल्या माणसांचा जीव अवलंबून असतो, नव्या किंवा ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाला जपून उडवा असं सांगत नाही. ऑइलचा खप स्थिरावेपर्यंत 65 ते 75 टक्के पॉवरवर उडवा, असं ती सांगते.

यावर नव्या गाडीचं मॅन्युअल पुढे केलं जाईल. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिले 2000 किलोमीटर 5500 आरपीएमच्या आत राहायला सांगतात, हे खरं. पण ही मर्यादा आहे आरपीएमची. शिवाय नव्या गाडीत ब्रेक, टायर आणि डिफरन्शियलही कोरे असतात, त्यांचाही विचार त्यात असतो. आरपीएम दुप्पट झाला की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण चौपट होतो, म्हणून पहिल्याच फेरीत रेडलाइन गाठणाऱ्यांचीही बाजू मी घेणार नाही. रिंगेला हवा असतो लोड. आरपीएमला आवर घाला, लोड मात्र द्या. उंच गिअरमध्ये 1500 आरपीएमवर गाडी रेटणं मात्र टाळा. तिथे बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ पडतो.

परफॉर्मन्स इंजिनावर आणखी एक संकट येतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. नवे इंजेक्टर बसवलेले असतात, ईसीयूचा मॅप झालेला नसतो, आणि ट्यूनिंग जमवण्याच्या खटपटीत इंजिन तासन्‌तास आयडलवर गुरगुरत ठेवलं जातं. मिश्रण रिच असलं की जादा पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. दाब नाही आणि ऑइलही नाही, असा दुहेरी मार रिंगांना बसतो. म्हणून चालण्याजोगा मॅप आधी हवा, पहिला स्टार्ट नंतर. जुन्या अमेरिकन व्ही-एटमधल्या फ्लॅट टॅपेट कॅमलाही आयडल मानवत नाही. त्याला सुरू होताच वीसेक मिनिटं 2000 आरपीएमच्या वर ठेवावं लागतं, कारण कॅमच्या लोबवर ऑइल प्रामुख्याने क्रँकच्या फेकीतूनच पोहोचतं.

रीत साधी आहे. स्पार्क आणि फ्युएल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारावा. स्टार्ट झाल्यावर गळती पाहून लगेच निघावं. फोर्ज्ड पिस्टन थंड असताना खडखडतात, त्याला घाबरू नये. ऑइल नीट तापलं की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये 2500 पासून साडेचार हजारांपर्यंत अर्ध्या ते पाऊण एक्सलरेटरने खेचावं, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच वेग उतरू द्यावा. उतरताना सिलिंडरमध्ये तयार होणारा व्हॅक्यूम ऑइल वर ओढतो आणि घासून निघालेला चुरा धुतला जातो. टर्बो असेल तर बूस्ट कमीत कमी ठेवून हेच करावं. पन्नासेक किलोमीटरनंतर ऑइल बदलावं आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा. करडा, पिठासारखा चुरा दिसला तर रिंगा बसताहेत. तांबूस, चमकणारे कपचे दिसले तर ते बेअरिंगचे. गाडी तिथेच थांबवून इंजिनाखालचा ऑइल चेंबर उतरवावा.